बिनपट्ट्याच्या बीपीचे सात महिने: घड्याळाने मला माझाच जुना आकडा परत दिला

गेल्या महिन्यात माझ्या स्मार्ट घड्याळाचं सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि बीपीचं कॅलिब्रेशन (दंडाला पट्टा बांधून मोजलेले आकडे भरून घड्याळाला दिलेला आधार) उडालं. तेव्हापासून बीपीचं पान उघडलं की एकच सूचना येते: आधी दंडाच्या मशीनवर तीनदा मोजा आणि आकडे भरा. भरले, तर अर्ध्या तासात पुन्हा पुसले गेले. सर्व्हिस सेंटरला तीनदा फोन केला, दोनदा जाऊन आले. दुसऱ्या खेपेला बीपीची वहीच सोबत नेली आणि आकडेही चुकतात ते दाखवलं. त्यावर लेखी उत्तर मिळालं की बीपीची सोय ‘सर्वसाधारण आरोग्यविषयक माहितीसाठी’ आहे, वैद्यकीय उपयोगासाठी नाही, त्यामुळे आकड्यांच्या अचूकतेची तक्रार वॉरंटीत बसत नाही. खोक्याच्या एका अख्ख्या बाजूवर बीपीच्या आकड्यांचं चित्र आहे. तो कागद घेऊन घरी आले आणि हे लिहायला बसले.

माझं वय 53. नऊ वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे. काम हिशेबाचं, त्यामुळे आकडा दिसला की लिहून ठेवायची सवय हाडात मुरलेली. घड्याळ मुलीने भेट दिलं. स्क्रीन, बॅटरी, पाण्यात चालतं का वगैरे सगळीकडे वाचायला मिळतं, त्याबद्दल माझी तक्रारही नाही. मी फक्त बीपीबद्दल लिहिणार आहे, कारण मला ते घड्याळ तेवढ्यासाठीच हवं होतं.

पहिले तीन महिने मी खरंच खूश होते. रोज सकाळी गोळी घ्यायच्या आधी पाच मिनिटं शांत बसायचं, दंडाला पट्टा बांधून मोजायचं आणि लगेच घड्याळावर मोजायचं. अशा 61 जोड्या वहीत आहेत. पट्ट्यावर 138/86 तर घड्याळावर 136/85, पट्ट्यावर 141 तर घड्याळावर 139. फरक तीन-चार, क्वचित सात. ना फुगणारा पट्टा, ना दंडावर वळ, ना मशीनची घरघर. ऑफिसात, बसमध्ये, कुठेही मोजा. मी तीन मैत्रिणींना सांगितलं, बिनधास्त घ्या. पट्ट्याचं मशीन कपाटात वर टाकलं आणि फक्त चार आठवड्यांनी कॅलिब्रेशनची आठवण आली की खाली काढायचं ठरवलं.

चौथ्या महिन्यात घरी आजारपण होतं, माझी झोप पार मोडली होती. डोकं जड वाटायचं. घड्याळ म्हणायचं 139, 141, 140. म्हटलं, बीपी तर जागेवर आहे, दमणूक असेल. कॅलिब्रेशनचा दिवस आला म्हणून पट्टा काढला, तर 152/94. पुन्हा मोजलं, 153. तिसऱ्यांदा 151. हे आकडे घड्याळात भरले आणि मिनिटभरात तेही म्हणायला लागलं 150. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मी समजूत करून घेतली की कॅलिब्रेशन जुनं झालं होतं, आता ताजं केलं, आता बरोबर दाखवेल.

डॉक्टरांनी चालू गोळीसोबत अॅम्लोडिपिन सुरू केली आणि दोन-तीन आठवड्यांनी या म्हणाले. दोन आठवडे झाले तरी घड्याळावर 148, 146, 149, 147. मी घाबरून फोन केला.

“डॉक्टर, नवीन गोळी लागू पडत नाहीये. अजून एकशे सत्तेचाळीसच आहे.”

“कशावर मोजताय?”

“घड्याळावर.”

“पट्ट्यावर मोजून सांगा. आणि उद्या मशीन घेऊनच या.”

घरी पट्ट्यावर आलं 135/84. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मशीनवर 128/80. म्हणजे गोळी छान लागू पडली होती आणि मी तिचा डोस वाढवून मागत होते. डॉक्टर रागावले नाहीत, पण एवढं म्हणाले की फोनवर ऐकून डोस वाढवला असता तर पहाटे उठताना चक्कर येऊन पडला असता तुम्ही. हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. दोन मिलिमीटरचा (बीपी पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) फरक आला म्हणून कुरकुरणाऱ्यांतली मी नाही. इथे बीपी चढलं तेव्हा घड्याळाला कळलं नाही आणि उतरलं तेव्हाही कळलं नाही. स्थिर होतं तेव्हा मात्र ते अगदी अचूक होतं.

मग मी या गोष्टीच्या मागेच लागले.

पट्टा काय करतो हे सोपं आहे. तो फुगून दंडातली धमनी दाबून बंद करतो, मग हळूहळू सोडतो. दाबाला दाबानेच तोलतो. 1896 मध्ये इटलीचे डॉक्टर रिवा-रोची यांनी दंडाला पट्टा बांधला, 1905 मध्ये रशियन डॉक्टर कोरोत्कोव्ह यांनी त्याखाली स्टेथोस्कोप ठेवून ठोके ऐकले आणि पाऱ्याचं मशीन तेव्हापासून त्याच रीतीवर चाललं. घरचं डिजिटल मशीन ऐकत नाही. पट्टा सैल होताना धमनीची जी थरथर हवेत उमटते ती ते टिपतं. ती सगळ्यात मोठी असते तो सरासरी दाब, आणि त्यावरून वरचा आणि खालचा आकडा कंपनीच्या सूत्राने काढला जातो. अंदाज तिथेही आहे, पण तो प्रत्यक्ष दाब लावून केलेला अंदाज आहे.

घड्याळ कुठेच दाबत नाही. ते त्वचेवर प्रकाश टाकतं, परत आलेल्या प्रकाशावरून प्रत्येक ठोक्याला किती रक्त आलं-गेलं त्याची लाट काढतं आणि त्या लाटेच्या आकारावरून ताडतं की दाब वाढला असावा की कमी झाला असावा. दाब वाढला की धमनी ताठ होते आणि लाट लवकर पोचते, हे शास्त्र खरंच आहे. पण हीच लाट हात गार पडल्याने बदलते, घड्याळाची पट्टी सैल असल्याने बदलते, वयाने बदलते, आणि अॅम्लोडिपिनसारख्या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळीनेही बदलते. लाटेतून मिलिमीटर काढायचे तर कुठेतरी एक खरा आकडा हातात असावा लागतो. तो माझ्या पट्ट्याने दिलेला. त्यामुळे घड्याळावर दिसतो तो आकडा म्हणजे पट्ट्याचा जुना आकडा अधिक-उणे घड्याळाचा तर्क. आणि माझ्या घड्याळाचा तर्क इतका भित्रा आहे की तो जुन्या आकड्यापासून सहा-सात पावलांपलीकडे जातच नाही.

हे माझं नुसतं म्हणणं नको म्हणून एका रविवारी करून पाहिलं. मुलीला समोर बसवलं. पट्टा तिच्या दंडाला, घड्याळ माझ्या मनगटावर. अॅपने सांगितलं तसं तीनदा मोजलं, तिचे आकडे आले 107/68, 106/68, 105/67. ते मी माझ्या नावावर भरले. कॅलिब्रेशन पूर्ण झाल्याची हिरवी खूण आली, काहीही शंका न घेता. मग पट्टा माझ्या दंडाला बांधला: 129/80. माझ्याच मनगटावरचं घड्याळ: 109/70. मुलगी दोन्हीकडे आळीपाळीने बघत राहिली.

“आई, हे तर माझं बीपी आहे. तुझ्या हातावर.”

चार दिवस ते तसंच ठेवलं. 108, 111, 107, 110. तीन जिने भरभर चढून आले, धापा टाकत खुर्चीत बसले आणि लगेच मोजलं. पट्ट्यावर 147, घड्याळावर 113. माझ्या छातीतले ठोके त्याला बरोबर मोजता येत होते, नाडी अगदी बिनचूक दाखवत होतं. दाब मात्र चार दिवस मुलीचाच दाखवत राहिलं.

दुसरा प्रयोग वहीतच केला. पहिल्या तीन महिन्यांच्या 61 जोड्या घेतल्या. घड्याळाची पट्ट्याशी तुलना करून वरच्या आकड्याची सरासरी चूक काढली: 4.6. मग घड्याळ बाजूला ठेवलं आणि कॅलिब्रेशनच्या दिवशी पट्ट्यावर जे आलं तेच पुढचे चार आठवडे रोज आलं असं धरलं. त्याची सरासरी चूक: 4.3. म्हणजे मी तो आकडा कागदावर लिहून देवघरात ठेवला असता आणि रोज सकाळी वाचला असता, तरी घड्याळापेक्षा किंचित बरंच काम झालं असतं. ‘सरासरी फरक एवढा कमी’ असं कुठल्याही बिनपट्ट्याच्या उपकरणाच्या जाहिरातीत दिसलं की हा हिशेब आठवा. ज्याचं बीपी हललंच नाही त्याच्यावर घेतलेली परीक्षा म्हणजे परीक्षाच नव्हे.

ही गोष्ट तज्ज्ञांना माहीत नाही असं नाही. पट्ट्याच्या मशीनसाठी आयएसओ 81060-2 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे: किमान 85 माणसांवर तपासायचं, सरासरी फरक 5 मिलिमीटरच्या आत आणि फरकांचं विखुरणं (प्रमाण विचलन) 8 च्या आत. हेच मानक कॅलिब्रेशन लागणाऱ्या घड्याळाला लावलं तर ते कॅलिब्रेशनचाच आकडा परत सांगण्याच्या युक्तीने सहज पास होऊ शकतं. म्हणून युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शन या उच्च रक्तदाबाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने 2023 मध्ये बिनपट्ट्याच्या उपकरणांसाठी वेगळ्या शिफारशी काढल्या. त्यात शांत बसून मोजणं आहेच, पण हात वर-खाली केल्यावर, औषध सुरू केल्यावर, झोपेत, व्यायामात आणि पुढचं कॅलिब्रेशन करायच्या आधी आकडा खऱ्या दाबामागे जातो का, हेही बघायला सांगितलंय. औषधाची परीक्षा त्यात आहे हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. माझ्यासोबत जे झालं त्याला तिथे नाव होतं. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांच्या 2025 च्या मार्गदर्शिकेतही सध्या अशा उपकरणांवर बीपी मोजू नये असंच म्हटलंय.

इथवर लिहून मी थांबणार होते, ‘पट्टा खरा, घड्याळ खोटं’ असं म्हणून. पण एक गोष्ट खटकत राहिली. त्या दिवशी डॉक्टरांकडे 128 आणि माझ्या घरच्या मशीनवर 135, हे कसं? दवाखान्यात भीतीने वाढतं म्हणतात, इथे उलटंच. मी विचारलं तेव्हा त्यांच्याकडच्या सिस्टरने काही न बोलता टेप घेतली आणि माझ्या दंडाचा घेर मोजला. 34 सेंटिमीटर. माझ्या मशीनच्या पट्ट्यावर छापलंय 22 ते 32. नऊ वर्षांपूर्वी घेतला तेव्हा बरोबर होता, मधल्या काळात दंड वाढला. मी रोज तो ओढूनताणून बांधत होते आणि वेल्क्रो जेमतेम चिकटायचं. समोर दिसत होतं ते.

लहान पट्टा धमनी दाबायला जास्त हवा मागतो आणि आकडा वर दाखवतो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा हवा त्यांना नेहमीचा लावला, तर वरचा आकडा सरासरी 19.5 ने जास्त आला. ज्यांना एकच माप मोठं हवं होतं त्यांना 4.8 ने. मी 22 ते 42 चा पट्टा मागवला, त्याच मशीनला लागतो तो, आणि माझे आकडे सहा-सातने खाली आले. म्हणजे ते 152 खरं तर 145 होतं. डॉक्टर म्हणाले, घरी मोजताना 135/85 च्या वर म्हणजे वाढलेलंच, त्यामुळे गोळी द्यायचीच होती. पण नऊ वर्षांतल्या इतर किती निर्णयांत ही सातची भर पडली असेल, ते आता कळायला मार्ग नाही. घड्याळाच्या 12 मिलिमीटरवर मी जेवढी चिडले, तेवढंच या सातवरही चिडायला हवं.

आणि ही भर घड्याळातही जात होती. पट्ट्याची चूक मी दर चार आठवड्यांनी स्वतःच्या हाताने त्यात भरत होते. कॅलिब्रेशन करताना माझा हात मांडीवर असायचा. त्याचाही 2024 चा अभ्यास आहे: हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सुमारे 4 ने जास्त, बाजूला लोंबता ठेवला तर साडेसहाने. हृदयाच्या पातळीपासून दर दहा सेंटिमीटरला साधारण 8 मिलिमीटर, हा साधा पाण्याच्या उंचीचा नियम आहे. टेबलावर उशी घेऊन हात ठेवायला लागले तेव्हापासून लागोपाठच्या दोन रीडिंगमधलं अंतरही कमी झालं. पाय जमिनीवर, पाठ टेकलेली, लघवी करून यायचं, मोजताना बोलायचं नाही. हे सगळं मशीनच्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं आणि आपण ते पान उलटतो.

रात्रीच्या बीपीबद्दलही सांगायला हवं, कारण पुष्कळ जण त्यासाठीच घड्याळ घेतात. झोपेत बीपी दिवसापेक्षा दहा ते वीस टक्के उतरायला हवं. नवीन पट्ट्यावर कॅलिब्रेशन करूनही माझं घड्याळ रात्रभर 126-128 दाखवायचं, रेघ सरळच्या सरळ. मला धडकी भरली, रात्रीचं बीपी न उतरणं हृदयाला चांगलं नाही हे मी वाचलेलं. डॉक्टरांनी 24 तासांचं मशीन लावलं. दिवसाची सरासरी 129, रात्रीची 113. व्यवस्थित उतरत होतं, घड्याळालाच दिसत नव्हतं. मात्र ती रात्र कठीण गेली. दर अर्ध्या तासाला दंड आवळला जायचा आणि जाग यायची, सकाळी दंडावर जांभळट पट्टा उमटला होता. न आवळता रात्रीचं बीपी मोजणारं काही निघालं तर ते मला मनापासून हवं आहे. आज माझ्या मनगटावर आहे ते तसं नाही.

घड्याळ मी काढून टाकलेलं नाही. नाडी, चालणं, झोपेचे तास यांसाठी ते रोज घालते आणि तेवढं ते नीट करतं. ज्या मैत्रिणींना घ्या म्हटलं होतं त्या तिघींना फोन करून सगळं सांगितलं. एकीने सांगितलं की घेतल्यापासून तिने एकदाही कॅलिब्रेशन केलेलं नाही, तिचं घड्याळ कॅलिब्रेशन मागतच नाही, वय-वजन-उंची टाकली की आकडा देतं. दुसऱ्या दिवशी पट्टा घेऊन तिच्याकडे गेले. तिच्या घड्याळावर 121, पट्ट्यावर 158. ती आता डॉक्टरांकडे जाते आहे.

घरात बीपीचा माणूस असेल तर आधी टेपने दंडाचा घेर मोजा, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध, आणि त्या मापाचा पट्टा घ्या. मशीनचं मॉडेल स्वतंत्र तपासणीतून गेलंय का हे स्ट्राइड बीपी या संस्थेच्या वेबसाइटवरच्या यादीत फुकट बघता येतं. डॉक्टरांकडे जायच्या आधी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, एक मिनिटाच्या अंतराने दोन-दोनदा मोजा आणि पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. नाडी अनियमित असेल तर पट्ट्याचं मशीनही गडबडतं, तेव्हा जास्त वेळा मोजून डॉक्टरांना वही दाखवा.

घड्याळ कंपनीला मी पत्र लिहिलं आहे. पैसे परत मागितले नाहीत, घड्याळ बदलूनही मागितलं नाही. एकच मागितलं आहे: बीपीचा आकडा दाखवाल तिथे, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, शेवटचं कॅलिब्रेशन कोणत्या तारखेला आणि कोणत्या आकड्यावर केलं होतं तेही दाखवा. ‘147, कॅलिब्रेशन 152 वर, 16 दिवसांपूर्वी’ एवढं जरी मला त्या दिवशी दिसलं असतं, तरी मी डॉक्टरांना फोन करायच्या आधी पट्टा काढला असता. पत्राला 19 दिवस झाले, उत्तर आलेलं नाही. आलं की इथेच खाली लिहीन.